आधी सांगावे की नंतर?



काही आठवड्यांपूर्वी रविवारची दुसरी मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी आम्हांला ऑफिसात भेटायला आली. तिची हकिकत तिच्या परवानगीनेच येथे देत आहोत. वय तिशीच्या आसपास. नवऱ्याचे काम कधी असते, कधी नसते. दोन मुले शाळेत. लोकांची मुले सांभाळण्याचे काम ती गेली दहा वर्षे करीत आहे. शेवटच्या घरातील बाळ शाळेत जाऊ लागले आणि तिचे काम सुटले. आता बुधवारी एका नव्या घरी तिला बोलावणे होते. सहा महिन्यांचे बाळ, सकाळी आठ ते संध्याकाळी सात अशी वेळ, पगारही बरा.

अडचण एकच होती. तिचे माहेर श्रीरामपूरकडे. जानेवारीत धाकट्या बहिणीचे लग्न ठरलेले, चर्चमध्ये तारीख घेतलेली. वडील नाहीत, भाऊ नाही. थोरली म्हणून सगळे तिनेच पाहायचे. आठ दिवस तरी तिला जावेच लागणार होते.

"फादर, हे बुधवारी सांगू की काम लागल्यावर सांगू?" तिने विचारले. "शेजारणी म्हणतात, आधी काम पकड, मग बोल. एकदा बाळाला लळा लागला की कोण काढतंय?"

बाहेर बाप्तिस्म्याच्या नोंदीसाठी दोन कुटुंबे ताटकळत उभी होती. आम्ही घाईत म्हणालो, "खरं काय ते सांग. देव बघून घेईल."

तिने तसे केले. सगळे बोलणे जमत आले होते, तेव्हा तिने जानेवारीतील आठ दिवसांची गोष्ट काढली. गुरुवारी फोन आला. "आम्हांला खाडे करणारी बाई नको."

पुढच्या रविवारी ती पुन्हा भेटली. तक्रार करायला नव्हती आली. मात्र जाता जाता एक प्रश्न विचारून गेली: "फादर, आम्ही खरं बोलावं म्हणून तुम्ही सांगता. आमचं खरं ऐकून घ्यायला त्यांना कोण सांगतं?"

त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. घाईत दिलेल्या सल्ल्याची किंमत आम्ही भरली नव्हती, तिने भरली होती. म्हणून या रविवारी हा प्रश्न नीट मांडून पाहावा असे वाटले. कामाची बोलणी चालू असताना, आपली आधीच ठरलेली सुट्टी सांगणे हे कर्तव्य आहे काय? आणि असेल तर ते एकट्या तिचेच आहे काय?

दुसरी बाजूही आम्ही ऐकली आहे. आपल्याच धर्मग्रामातील एक तरुण आई मध्यंतरी फार खिन्न होऊन बोलत होती. २०१७ साली कायदा बदलल्यापासून पहिल्या दोन बाळंतपणांना १२ ऐवजी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. ती संपत आली तेव्हा तिने बाळासाठी एक बाई ठेवली. ही कामावर रुजू झाली, आणि तिसऱ्याच आठवड्यात बाईने सांगितले की सोमवारपासून बारा दिवस गावी जाते, तिकीट दोन महिन्यांपूर्वीच काढले आहे. साहेबांकडे पुन्हा रजा मागण्याची सोय नव्हती. गुडघेदुखीने बेजार असलेल्या सासूबाईंना बोलावून घ्यावे लागले. रांगणाऱ्या बाळामागे धावताना त्यांचे जे हाल झाले ते त्यांनाच ठाऊक.

ती आई म्हणाली, "फादर, बाई गावी गेली याचं मला वाईट वाटलं नाही. तिलाही घरदार आहे. पण पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर बसून चहा प्यायली, मी तिला सगळं विश्वासानं सांगितलं, आणि तेव्हा तिकीट तिच्या पर्समध्ये होतं. हे मला लागलं."

या दोन्ही स्त्रिया आपल्याच. दोघीही मिस्सेला एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात. एकीचे ऐकून दुसरीला दोष देणे सोपे आहे, पण तसे करून प्रश्न सुटत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आमच्या वर्गात एका व्यापाऱ्यावरून मोठा वाद रंगे. रोमचा विचारवंत सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्याविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात ही गोष्ट आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला असतो. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून गलबतभर धान्य घेऊन तेथे पोचतो. मागून धान्याची आणखी गलबते येत आहेत, हे त्याने वाटेत डोळ्यांनी पाहिलेले असते. हे त्याने लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? डायोजेनिस नावाचा पंडित म्हणतो, खोटे बोलू नये, पण न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला जे कळायला हवे ते सगळे सांगितलेच पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि त्यात एक बारीक भेद केला. मालात दडलेला दोष असेल, आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोचणार असेल, तर तो सांगणे न्यायाने बंधनकारक आहे. मात्र पुढे भाव उतरेल की नाही ही भविष्यातली गोष्ट आहे. ती व्यापाऱ्याने सांगितली नाही तर अन्याय होत नाही. सांगितली तर तो सद्गुणाची एक पायरी वर चढतो, एवढेच.

हा भेद आपल्या प्रश्नाला लावून पाहू. उद्या कोण आजारी पडेल, आईचे ऑपरेशन करावे लागेल की गोळ्यांवर भागेल, असल्या अनिश्चित गोष्टी कामाच्या बोलण्यात काढायला कोणी बांधील नाही. ते भविष्य आहे. लग्नाची तारीख किंवा काढलेले तिकीट मात्र भविष्य नव्हे. ती आज हातात असलेली गोष्ट आहे. शिवाय ती न सांगितल्याने ज्याच्यावर संकट येते तो एक तिसराच जीव आहे. ज्याला बोलता येत नाही, ज्याला कोणी विचारलेले नाही, असे ते बाळ. दोन मोठी माणसे आपापसांत व्यवहार करतात आणि त्यांच्या मौनाचा भार त्या पाळण्यावर पडतो.

म्हणून शेजारणींचा सल्ला आम्हांला मान्य होत नाही. "बाळाला लळा लागू दे, मग बोल" याचा अर्थ काय होतो? त्या लेकराचे प्रेम हा हुकमाचा पत्ता म्हणून लपवून ठेवायचा आणि आईला दुसरा मार्ग उरला नाही की टाकायचा. ज्या बाईने दहा वर्षे मुलांना जीव लावला, तिला हे मनापासून कधीच आवडणार नाही. आणि हेही खरे की पुढे बारा दिवसांसाठी कोणाची तरी आजी मरावी लागते. लपवलेल्या एका गोष्टीला झाकायला दुसरी खोटी गोष्ट लागते.

इथवर संत थॉमस आपल्याला उपयोगी पडतात. पण एका ठिकाणी हा दाखला अपुरा पडतो, आणि ते ठिकाण फार महत्त्वाचे आहे. ते दोषाविषयी बोलत आहेत. माणसाची सुट्टी हा दोष आहे काय?

कामाला येणारी बाई म्हणजे गलबतातले धान्य नव्हे. बहिणीच्या लग्नाला जाणे ही तिच्यातली खोट नव्हे. आपल्यापैकी कोणाच्या बहिणीचे लग्न असते तेव्हा आपण ऑफिसात अर्ज देतो आणि साहेब अभिनंदन करून सही करतो. तिची तीच गोष्ट "खाडा" होते. शब्दच पाहा. आपली ती रजा, तिचा तो खाडा. हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! त्यात आपण गृहीत धरलेले असते की तिचे सगळे दिवस आपल्या मालकीचे आहेत आणि त्यातला एखादा तिने काढून घेतला तर आपले काही चोरीला गेले.

पवित्र शास्त्र असे मानत नाही. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा दिली आहे ती केवळ घरधन्यासाठी नाही. त्याच्या दासाने आणि दासीनेही त्याच्याप्रमाणेच विसावा घ्यावा असे तेथे बजावले आहे, आणि इस्राएल लोक स्वतः मिसरात दास होते याची त्यांना आठवण करून दिली आहे. विश्रांती ही धन्याने दिलेली बक्षिसी नव्हे, ती आज्ञेतच आहे.

आता सत्याकडे पुन्हा वळू. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात आपले होय ते होय आणि नाही ते नाही असावे असे शिकवले. पण म्हणून प्रत्येक माणसाने प्रत्येकाला सगळे सांगत सुटावे असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात आठव्या आज्ञेवर विवेचन आहे. खोटे बोलण्याला तेथे कोणतीही सूट नाही. मात्र ज्याला एखादी गोष्ट जाणून घेण्याचा हक्क नाही, त्याच्यापुढे ती उघड करायला कोणी बांधील नाही, असेही त्यात स्पष्ट केले आहे. दुसऱ्याचे हित आणि त्याच्या खाजगी जीवनाचा मान, हेही त्यात धरले आहे.

याचा अर्थ असा की बाळाच्या आईला तारखा जाणून घेण्याचा हक्क आहे, कारणे जाणून घेण्याचा नाही. कोणत्या दिवशी बाळापाशी कोणी नसेल, हे तिला आधी कळलेच पाहिजे. ती बाई लग्नाला जाते, नवस फेडायला वेलंकनीला जाते, की दवाखान्यात जाते, हे सांगायचे की नाही ते त्या बाईने ठरवावे. "लग्न कधी करणार?" "आणखी मूल होऊ देणार का?" असल्या प्रश्नांना तर तिने नम्रपणे "ते माझं घरचं आहे, मॅडम" म्हटले तरी तिचे सत्याचे कर्तव्य पुरे होते. जी आई हे प्रश्न विचारते तिने स्वतःची पहिली मुलाखत आठवावी. लग्नाची तारीख ठरलेली असताना साहेबांपुढे ती किती मोकळेपणाने बोलली होती?

आणखी एक गोष्ट. सांगण्याचे कर्तव्य बाईपुरतेच आहे, हे कोणी ठरवले? घरधनी काय काय सांगत नाहीत, त्याची यादी मोठी आहे. सात वाजता सुटका म्हणतात आणि गाडी चुकली म्हणून साडेआठ होतात. बाळाचे काम म्हणतात आणि दुसऱ्या महिन्यात भांडी पुढे येतात. मे महिन्यात पंधरा दिवस आम्ही बाहेरगावी जातो, तेव्हा पगार मिळणार नाही, हे मे उजाडल्यावर कळते. त्यांचीही तिकिटे दोन महिने आधीच काढलेली असतात! तिच्या आठ दिवसांना खाडा म्हणणाऱ्याने स्वतःच्या या पंधरा दिवसांना काय नाव द्यावे?

जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने जून २०११ मध्ये घरकामगारांविषयी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. आठवड्यातून सलग २४ तास तरी विश्रांती मिळावी, आणि कामाची वेळ, पगार, साप्ताहिक सुट्टी, वार्षिक पगारी रजा या सगळ्या अटी कामगाराला समजतील अशा रीतीने, शक्यतो लेखी, सांगाव्यात, असे त्यात आहे. म्हणजे सांगण्याचा पहिला भार काम देणाऱ्यावर आहे. आपल्या देशाने या कराराला मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण कोणाच्या घरात किती रजा द्यायची हे आजही बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्याच ठरते. मुंबईत १९८५ साली सिस्टर जीन डेव्हॉस यांनी घरकामगार स्त्रियांना एकत्र आणण्याची चळवळ सुरू केली, ती याच दारात उभ्या असलेल्या बायकांसाठी.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर जे विश्वपत्र लिहिले, त्यात एक विचार आहे. कामगाराने "हो" म्हटले म्हणजे करार न्याय्य झाला असे नाही. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने त्याने जाचक अटी पत्करल्या, तर तो बळजबरीचाच बळी ठरतो. २०२५ साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच विश्वपत्राची आठवण ठेवली.

हा विचार पुढे नेला तर आणखी एक गोष्ट दिसते. भीतीपोटी दिलेला होकार जसा पुरता मोकळा नसतो, तसे भीतीपोटी राखलेले मौनही पुरते मोकळे नसते. घरी चूल पेटायची आहे म्हणून जी गप्प बसते, तिची चूक चूकच राहते, पण तिचे सगळे ओझे तिच्या एकटीच्या माथी मारता येत नाही. ज्या घरात खरे बोलणाऱ्याला दार दाखवले जाते, त्या घराने पुढच्या बाईला गप्प राहायला शिकवलेले असते. मग बारा दिवसांची रजा अचानक समोर आली की आपण म्हणतो, "या बायका अशाच." त्यांना तसे कोणी केले, हे आपण विचारत नाही.

तेव्हा आमच्या घाईच्या सल्ल्यात आज आम्ही थोडी भर घालतो. काम शोधणाऱ्या भगिनींनो, ठरलेली सुट्टी आधी सांगा. दारात पाऊल टाकताच सांगायला हवे असे नाही. आधी त्यांना तुमचे काम, तुमचा अनुभव, तुमचे बाळाशी वागणे पाहू द्या. वेळ, पगार, सगळे बोलून होऊ द्या. पण त्यांनी "या उद्यापासून" म्हणण्याच्या आणि तुम्ही "हो" म्हणण्याच्या अगोदर सांगा. तारखा नेमक्या सांगा आणि पुढची सोयही सुचवा: "मॅडम, मला काम आवडलं. एक आधीच सांगते. जानेवारीत दहा ते सतरा तारखेला मी गावी जाणार आहे, ते ठरलेलं आहे. त्या दिवसांचा पगार कसा धरायचा ते आत्ताच बोलू. माझ्या ओळखीची बदली बाई आहे, चार दिवस आधीपासून तिला सोबत आणून बाळाची ओळख करून देईन." आणि तुम्हीही विचारा: "तुम्ही बाहेरगावी कधी जाता? तेव्हा माझ्या पगाराचं काय?" विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

काम देणाऱ्या बंधुभगिनींनो, तुम्ही तर तिने सांगण्याची वाटच पाहू नका. तुम्हीच विचारा, "तुमची काही ठरलेली सुट्टी आहे का? असेल तर सांगा, काम जाणार नाही, आपण सोय करू." सहा महिन्यांच्या बाळाला पुढची दोन-तीन वर्षे सांभाळणारे माणूस हवे आहे. त्यात आठ दिवस म्हणजे किती? जी बाई काम हातचे जाईल हे ठाऊक असूनही तोंडावर खरे बोलते, तीच उद्या बाळ पलंगावरून पडले तर तुमच्यापासून लपवणार नाही. तिच्या हाती लेकरू सोपवताना याहून मोठी शिफारस कोणती हवी? मग अर्ध्या कागदावर दोघांच्या ठरलेल्या सुट्ट्या लिहून काढा, एक प्रत तिला द्या.

हे सगळे करूनही खरे बोलणाऱ्या प्रत्येकीला काम मिळेलच, असे वचन आम्ही देऊ शकत नाही. त्या दिवशी "देव बघून घेईल" म्हणालो, ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. देव बघतो तो पुष्कळदा आपल्या हातांनी. म्हणून महिला मंडळाशी बोलून या रविवारपासून ऑफिसात एक वही ठेवत आहोत. आठ-पंधरा दिवसांचे बदली काम करायला ज्या भगिनी तयार आहेत त्यांनी आपले नाव द्यावे, आणि ज्या घरांत बाळ आहे त्यांनी ती वही जरूर पाहावी. बदली बाईची सोय असली की खरे बोलणे थोडे स्वस्त होईल.

त्या भगिनीला अजून काम मिळालेले नाही. जानेवारीत ती बहिणीच्या लग्नाला जाईल. ज्या घराने तिला नकार दिला ते घर आपल्या धर्मग्रामातले आहे की बाहेरचे, हे आम्ही तिला विचारले नाही. तिनेही सांगितले नाही, आणि ते सांगायला ती बांधील नव्हती. आपण प्रत्येकाने ते घर आपलेच आहे असे समजून आज घरी जावे, एवढीच विनंती.

आपले,
धर्मगुरू